मनोऱ्यातल्या घंटेचा सूड

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, आणि झालेला अपमान मी विसरत नाही.

चार भाग तांबे, एक भाग कथील, एवढाच माझा देह. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या चर्चच्या मनोऱ्यात मला टांगलं, त्याला नव्वद वर्षं होतील. त्यातली पस्तीस वर्षं झुलाल आबांनी मला वाजवलं. ते रेल्वेतले निवृत्त गँगमन, मूळचे भडगावचे. प्रार्थनेला माझी हाक वेगळी, लग्नाला वेगळी. कुणी गेलं, की त्याचं जेवढं वय, तेवढे संथ टोल.

गुडघे दुखू लागले तेव्हा आबा चर्चच्या सचिवाला, जितेंद्रला म्हणाले, "चार जन दे भाऊ, मी शिकाडस."

जितेंद्र हसला. "आबा, दोरी ओढायला काय शिकायचं? म्हैस का बांधायची आहे?"

त्याने मनोऱ्यावर भोंगा बसवला. बटण दाबलं की रेकॉर्ड केलेली घंटा वाजे. माझी दोरी खुंटीला गुंडाळली गेली, आबा येईनासे झाले. पारव्यांची घाण अंगावर घेत मी वाट पाहत राहिले.

गेल्या मे महिन्यात जितेंद्रची आई, कमलबाई, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारली. तिने सांगून ठेवलं होतं, "माझ्या वयाचे टोल पडल्याशिवाय मला दफनाला नेऊ नका." जितेंद्रने बटण दाबलं. भोंग्यातून नाताळची आनंदी घंटा खणखणली. दुसरं रेकॉर्डिंगच नव्हतं!

लोकांनी माना खाली घातल्या. जितेंद्र मनोऱ्याकडे धावला आणि दोरी ओढू लागला. मित्रांनो, माझा एक झोका पावणेदोन सेकंदांचा. जोर वाढवून तो बदलत नाही. भलत्या क्षणी ओढलं, की झोका मोडतो आणि लोलक काठाला लागतच नाही. त्याचे तळहात सोलले, तो रडू लागला. मला वाजायचंही नव्हतं. त्याचं रडणं मला गोड लागलं.

आबांना रिक्षातून आणलं. जितेंद्रने दोरी पुढे केली.

"मी वाजाडाव नही," आबा म्हणाले. "माय तुन्ही शे. तू शिक."

"आबा, लोक उन्हात उभे आहेत!"

"ऱ्हावू दे उभा. आते नही... आते नही... आते ओढ!"

वीस मिनिटांनी पहिला टोल पडला. अकराव्याला जितेंद्रचे हात थांबले. मग दफनाला आलेल्यांपैकी लताबाईने दोरी धरली, मग वनाने. रांगच लागली. अठ्ठ्याहत्तर पुरे झाले.

आता दर रविवारी सात जण शिकतात. आबांना घरून आणायचं आणि पोहोचवायचं काम जितेंद्रकडे आहे.

मला पुसा, पारवे हाकला, हे कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. दोरी धरणाऱ्या माणसाला जपा, आणि तो आहे तोवर त्याच्याकडून शिकून घ्या. नाही शिकलात, तरी मी काही बोलणार नाही. एक दिवस तुमच्या घरचं माणूस जाईल, तुम्ही जीव तोडून दोरी ओढाल, आणि मी नुसती हलेन.