मुळ्यांना ऊन

धामणगाव बढ्याच्या ख्रिस्ती मंडळीत सोजराबाईसारखी प्रार्थना कोणालाच येत नसे. तिनं उभं राहून पदर सारखा केला आणि डोळे मिटले की मागच्या सतरंजीवरची म्हातारी माणसं निवांत भिंतीला टेकायची. आता लवकर आमेन होत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. आवाज खणखणीत, शब्दांना तोटा नाही. घरी गेल्यावर त्याच आवाजात, तितक्याच सढळपणे, ती समोर येईल त्याला सोलून काढायची. गाव दोन्ही ऐकून होतं.

तिचं वांग्या-मिरचीचं वावर होतं, विहिरीला पाणी होतं आणि गोपाळ नावाचा एकुलता एक मुलगा होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोपाळचं लग्न झालं ते सोनाळ्याच्या शकुंतलेशी. तिचे वडील उकंडराव तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका संत्र्याच्या बगीच्यात माळी होते. सासरी येताना शकुंतलेनं संत्र्याची चार कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि घरामागे लावली. पोर बोलायची कमी. सोजराबाईला तेही खटकायचं.

पुढं शकुंतलेला मुलगा झाला आणि तो दिवस मावळेपर्यंतही जगला नाही. बाळंतपणातून उठल्यावर ती मुकाट्यानं कलमांपाशी बसून राहायची, एक एक तांब्या पाणी घालायची. एका सकाळी सोजराबाई चुलीपाशी कशावरून तरी भडकली, तरातरा परसात आली आणि म्हणाली, "झाडं बरी जगवता येतात तुले! लेकरू नाही जगवता आलं?"

शकुंतलेनं हातातला तांब्या खाली ठेवला. दुपारच्या गाडीनं ती माहेरी गेली.

"आई, तू बोलाव तिले," गोपाळ म्हणाला.

"मी हाकललं काय तिले? आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल."

गोपाळ अधूनमधून सोनाळ्याला जाऊन यायचा, आल्यावर खाली मान घालून जेवायचा आणि वावरात निघून जायचा. अशी तीन वर्षं गेली. सोजराबाई मात्र त्या चार झाडांना पाणी घालत राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी बादल्या, संध्याकाळी बादल्या. झाडं अशी फोफावली, की खाली ऊन उतरेना. पण फूल म्हणून नाही. शेजारची रुक्मिणीबाई कुंपणावरून म्हणायची, "सोजराबाई, पालाच पाला झाला व!" आणि सोजराबाईकडून त्याचं व्याजासकट उत्तर घेऊन घरात जायची.

बुलढाण्याहून माणिकराव पाळक महिन्यातून एकदा उपासना घ्यायला यायचे. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्या रविवारी त्यांनी प्रभूनं सांगितलेला, फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला घेतला. मालक म्हणतो, काढून टाक हे झाड, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी त्याच्या बुडाशी खणतो, खत घालतो. एरवी उपदेश चालू असताना कोण पेंगतंय ते सोजराबाई पाहून ठेवायची. त्या दिवशी तिची नजर कुठे फिरली नाही. उपासना सुटल्यावर तिनं पाळकांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, माह्या घरी संत्र्याचे चार झाडं हायेत. पाणी म्हणा, खत म्हणा, काही कमी नाही केलं. फळ काऊन येत नसंन?"

माणिकराव हसले. "बाई, मी नगरकडचा माणूस. आम्ही बाजरी पाहिलेली. संत्र्यातलं मला काय कळणार? ज्यानं लावलं, त्यालाच विचारा की."

ते सहज बोलले आणि चहाला गेले. सोजराबाई मात्र चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आठवडाभर ती कोणावर ओरडली नाही. रुक्मिणीबाईला वाटलं, तब्येत बिघडली. मग एका सकाळी तिनं गोपाळला सांगितलं, "मी सोनाळ्याले चालली."

"काऊन?"

"झाडाचं विचाराले."

गोपाळनं तिची पिशवी उचलून स्टँडवर आणून दिली.

मोताळ्याला एक गाडी बदलली, नांदुऱ्याला दुसरी. वाटभर ती मनात बोलणं जुळवत होती. दर वेळी सुरुवात बरी व्हायची, पण शेवटाला येता येता तिचीच बाजू खरी निघायची. मग ती पुन्हा पहिल्यापासून जुळवायची. जळगाव जामोद आलं तेव्हा तिनं नाद सोडला आणि खिडकीला डोकं टेकवलं.

सोनाळ्याच्या बगीच्यात शिरली आणि चरकलीच. ओळीनं झाडं उभी होती, पण पानं पिवळी, मलूल, कितीक खाली गळलेली. बुडाशी माती उकरून ठेवलेली, मुळ्या उघड्या पडलेल्या. शकुंतला कुदळ घेऊन एका झाडापाशी वाकली होती. सासूला पाहून ती उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, पाणी आणून दिलं. पण 'कशा हायेत' असं काही विचारलं नाही.

सोजराबाई पाणी प्यायली. जुळवलेलं एकही वाक्य तिला सापडेना. शेवटी ती म्हणाली, "झाडं वाळवून राह्यल्या काय तुम्ही?"

"वाळवत नाही. ताण देला."

"म्हंजे?"

"पाणी तोडलं. नुसतं पाणी पाजत राह्यलं का झाड पाल्यातच मातते, त्याले फुलायची आठवणच राहत नाही." शकुंतला खाली बसली आणि उकरलेल्या मातीतून एक मुळी बोटानं मोकळी केली. "मुळ्या उघड्या करा लागते. ऊन लागू द्या लागते. पाहणाराले वाटते मेलं. मरत नाही ते. आंदरून तयारी करते. मंग खत घालून, माती लोटून, पाणी द्याचं. तवा फुलते."

सोजराबाई त्या मुळीकडे पाहत राहिली. मग ती तिथंच ढेकळात बसली.

"शकुंतले," ती म्हणाली. "त्या दिवशी मी जे बोलली... ते बोलाचं नव्हतं. तुहं काही चुकलं नव्हतं पोरी. माह्यंच तोंड वाईट. मले माफ कर."

शकुंतला बराच वेळ मातीच उकरत राहिली.

"आत्याबाई, लेकराले मातीत ठेवलं तवा तुमी आल्या नाही," ती अखेर म्हणाली. "मी वाट पाह्यली होती."

"हाव," सोजराबाई म्हणाली. "नाही आली."

कारण सांगण्यासारखं होतं. त्या दिवशी तिचं धाडसच झालं नव्हतं, म्हणून ती वावरात जाऊन मिरच्या तोडत बसली होती. पण ते तिनं सांगितलं नाही.

"मले अजून रडू येते," शकुंतला म्हणाली. "मी आज 'माफ केलं' म्हणणार नाही."

"नको म्हणू."

उकंडरावांनी त्यांना जेवून जायला लावलं. भाकरी-वरणाचं ताट शकुंतलेनंच वाढलं. सोजराबाई एकटीच परतली.

घरी आल्यावर तिनं बादल्या उपड्या घालून ठेवल्या आणि कुदळ घेतली. चारही झाडांच्या बुडाशी, मुळ्या तुटू न देता, हळूहळू उकरत गेली. काही दिवसांनी पानं पिवळी पडू लागली. रुक्मिणीबाई कुंपणावर आली. "चांगले झाडं मारून राह्यली काय व?" सोजराबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "ताण देला. सूनबाईनं सांगितलं."

त्या दिवसांत सोजराबाईची प्रार्थनाही आटली. रविवारी नाव पुकारलं की उभी राहायची, डोळे मिटायची आणि आत काही सापडायचं नाही. शेवटी एवढंच म्हणायची, "प्रभू, माह्याकडं पाह्य," आणि खाली बसायची. म्हाताऱ्यांना टेकायलाही वेळ मिळेना. ती मात्र घरी येऊन परसात बसे. तिला वाटे, आपण सरलो. आजवर जे भरभरून येत होतं, तो सगळा पालाच होता काय? कधी झाडं खरंच मेली तर, या भीतीनं तिचा हात बादलीकडे जाई. पण मग तिला शकुंतलेचं बोट आठवे, त्या मुळीवरून फिरणारं, आणि ती हात आवरून घेई.

नाताळ झाला आणि एके दिवशी गोपाळसोबत शकुंतला दारात उभी राहिली.

"झाडं पाहाले आली," ती म्हणाली.

पण झाडांकडे जाण्याआधी ती गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीकडे निघाली. सोजराबाई न विचारता मागून चालू लागली. बाभळीखालच्या त्या टीचभर जागेवर गवत माजलं होतं. सोजराबाई गुडघ्यावर बसली आणि ते उपटू लागली. काटे बोचले, बोटातून रक्त आलं, तरी उपटत राहिली. बरंच साफ झाल्यावर शकुंतलेनं आपल्या पदरानं सासूचं बोट पुसलं. सोजराबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ते रडणं तीन वर्षं उशिरा आलं होतं.

मग त्यांनी शेणखत घातलं, माती लोटली आणि पाणी दिलं. पहिल्यांदा थोडंच, मग पोटभर. माघात झाडं पांढरीशुभ्र झाली. वास रस्त्यापर्यंत गेला. रुक्मिणीबाई कुंपणावरून आतच आली. बरीच फुलं गळाली आणि पहिल्या वर्षी म्हणावी तशी संत्री काही लागली नाहीत. पण लागली.

शकुंतला मात्र परत सोनाळ्याला गेली नाही.

सोजराबाई एकदम गोगलगाय झाली, असं कोणी समजू नये. चैतात एकदा भाजीत मीठ जास्त पडलं आणि तिचा आवाज चढला: "एवढंही कळत नाही काय तुले? बापाच्या घरी—" वाक्य तिथंच तुटलं. गोपाळनं हातातला घास ताटात ठेवला.

सोजराबाईचा चेहरा उतरला. ती उठली, शकुंतलेच्या समोर जाऊन बसली.

"पाह्य, सुटलंच तोंड," ती म्हणाली. "चुकलं माह्यं."

शकुंतलेनं भाजीची वाटी पुढं ओढून स्वतः एक घास खाल्ला.

"खारट झालीच हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "थांबा, दही आणते."

आणि ती दही आणायला आत गेली.