न धरलेली फेक

मी एक टोपली बोलतेय. भाकरीची नव्हे की शेणाची नव्हे. लोखंडाची, खांबावर बसवलेली, वरून साखळ्या सोडलेली. मुरगूडजवळच्या एका मळ्यात, खळ्याच्या मधोमध मी पाच वर्षं उभी आहे. उभी आहे म्हणजे काय, मला हलताच येत नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मीरासाब वेल्डरच्या हातून झाला. ह्या मळ्याचे मालक पार्श्वनाथ आप्पा अमेरिकेतल्या लेकाचं, बाहुबलीचं, पत्र घेऊन आले होते. पत्रात माझं चित्र होतं. तिकडे म्हणे प्लास्टिकची थाळी लांबून फेकून अशा टोपलीत पाडायचा खेळ निघाला होता आणि बाहुबलीला त्याचं वेड लागलं होतं. साखळ्या मात्र आप्पांनी घरच्याच आणल्या होत्या, गोठ्यातल्या.

मीरासाबनं विचारलं, "मालक, ह्यात कोंबड्या कोंडायच्या काय?"

"लेकाला कोंडायचाय," आप्पा म्हणाले. मीरासाब हसला. मला धसका बसला, कारण आप्पा थट्टा करत नव्हते.

बाहुबली महिनाभराच्या रजेवर येणार होता. आवडता खेळ दारात असला की पोरगं राहील, असा आप्पांचा होरा. मळणीचे बैल ज्या मेढीभोवती फिरत, ती मेढ उपटून तिथं तीन फूट खड्डा काढला, मला उभं केलं आणि बुडात काँक्रीट ओतलं.

ह्या कामात सगळ्यात जास्त राबली ती अक्काताई, आप्पांची थोरली लेक. आई गेल्यापासून घर, गोठा आणि आप्पांचं पथ्यपाणी तिच्याच गळ्यात होतं. लग्न ठरता ठरता राहिलेलं, वय अठ्ठावीस. तिच्या ट्रंकेत एक सरकारी पत्र होतं: गगनबावड्याला बालवाडीची शिक्षिका म्हणून एक जूनला हजर व्हावे. भाऊ राहिला तर ती सुटणार होती. म्हणून तर काँक्रीटची घमेली तिनं डोक्यावरून वाहिली. एकाला धरायचं, दुसरीला सोडायचं, आणि दोन्ही कामं माझ्याच्यानं व्हायची होती.

बाहुबली आला, नारिंगी थाळी घेऊन. मला बघून लहान पोरासारखा नाचला. मग त्यानं सगळ्यांना खेळाचे शब्द शिकवले. थाळी जिथून फेकायची ती जागा 'टी'. किती फेकींत टोपली गाठायची ते ठरलेलं, तो 'पार'. एक फेक कमी लागली तर 'बर्डी'. आणि मी कोण? मी 'होल'. माणसाच्या छातीएवढी उंच उभी असून मला खड्डा म्हणायचं, ह्या माणसांपुढे काय बोलावं!

अक्काताईनंही विचारलंच, खड्डा कुठाय ह्यात? बाहुबली म्हणाला, हे सगळे शब्द साहेबांच्या गोल्फमधले. नव्या खेळाकडे स्वतःचे शब्द नव्हते, म्हणून उसने घेतले. आप्पा ते शब्द रोज स्तोत्रासारखे घोकत. अक्काताईला घोकावं लागलं नाही. आठवड्यात ती भावापेक्षा सरस फेकू लागली.

एकदा बाहुबली सहज बोलून गेला की तिकडे टोपलीची जागा अधूनमधून बदलतात, नाहीतर खेळाचा कंटाळा येतो. आप्पांनी माझ्या बुडातल्या काँक्रीटकडे बघितलं.

रजा संपली. थाळी मागे ठेवून बाहुबली निघाला. जाताना बहिणीला म्हणाला, "आक्का, तू हाईस म्हणून मला घोर न्हाई." मला वाटलं, एक साखळी तुटून ह्याच्या पाठीत बसावी.

मग अक्काताईनं ट्रंकेतलं पत्र आप्पांपुढे ठेवलं. आप्पा हो म्हणेनात, नको म्हणेनात, जेवेनात. असे तीन दिवस गेले. शेवटी तिनं त्यांना खळ्यात आणलं, माझ्यापासून दहा पावलांवर उभं केलं आणि हातात थाळी दिली.

"पडली तर ऱ्हाते. न्हाई पडली तर सोमवारच्या एस्टीनं जाते. मग त्यावर बोलायचं न्हाई."

महिनाभरात आप्पांची एकही फेक माझ्यात पडली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मलाही.

आप्पांनी फेकली. थाळी माझ्या डोक्यावरून गेली. अक्काताईनं सोडलेला श्वास मी ऐकला. आप्पा हळूहळू चालत गेले, वाकले, थाळी उचलून पुन्हा जाग्यावर येऊन उभे राहिले.

"मुलिगन," ते म्हणाले. "बाहुबलीनं पत्रात लिवलंय. फेक वाया गेली तर ती धरायची न्हाई, परत टाकायची. पर सोबत्यानं व्हय म्हणाय पायजे."

थाळी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. अक्काताईनं त्यांच्याकडे बघितलं, फार वेळ बघितलं. मग म्हणाली, "टाका."

थाळी आली ती थेट साखळ्यांवर. झटकून टाकावी असं माझ्या फार मनात होतं. पण मला धरायलाच घडवलंय, सोडायला नाही. गोठ्यातल्या साखळ्या खणखणल्या आणि थाळी माझ्यात पडली.

त्यानंतर आप्पांनी थाळीला हात लावला नाही. यंदा माघात ते गेले. लोक अक्काताईला म्हणतात, आता तू मोकळी. ती कुठं मोकळी? बालवाडीची जागा केव्हाच भरली, तिची वयाची मर्यादाही उलटली. धारा काढून झाल्या की ती खळ्यात येते आणि एकदाच फेकते. अलीकडे तिची फेक चुकते. ती थाळी उचलते, क्षणभर आजूबाजूला बघते आणि घरात निघून जाते.

मी तिला कितीदा हो म्हटलं, पण टोपलीचा होकार माणसाला ऐकू जात नाही. तेव्हा पाव्हणं, कधी मुरगूडकडं आलात तर ह्या मळ्याच्या बांधावर घटकाभर थांबा. तिची फेक चुकली की एवढंच म्हणा, "ही धरायची न्हाई बाई, परत टाका."