कौन्सिलची बाई येणार म्हणून

लोकांना वाटतं, रजया शिवणं हा आमचा धंदा. शिवायला काय, कोणीही शिवेल. आमचा खरा धंदा उसवण्याचा. एखादी बाई तिच्या आईच्या लग्नातली रजई घेऊन येते. लोकरीच्या गाठी झालेल्या असतात, सगळा ढीग एका कोपऱ्यात आणि बाकी नुसतं कापड. मी ती उसवते, लोकर धुते, मागच्या अंगणात वाळवते. मग माझा नवरा फोटिस ती पिंजण्याच्या यंत्रात घालतो, आणि ती अशी फुलून बाहेर येते की मालकिणीला ओळखू येत नाही. खोळ नवी, टाके नवे, लोकर तीच. मॅरिकव्हिल या आमच्या उपनगरातली आम्हा ग्रीकांची निम्मी घरं आजही आजोळच्या मेंढ्यांची लोकर पांघरून झोपतात.

अलीकडे याला पर्यावरणपूरक व्यवसाय म्हणतात. हातभर गोंदवलेली दाढीवाली पोरं येतात, यंत्राचे फोटो काढतात, आम्ही काहीच फेकत नाही म्हणून आमची पाठ थोपटतात आणि रजई मॉलमधून घेतात. माझ्या सासूबाईंना, पोलिक्सेनीबाईंना, हे कौतुक कळतच नाही. चांगली लोकर फेकणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर वेडा असतो नाहीतर श्रीमंत, आणि दोघांकडेही त्या सारख्याच नजरेनं बघतात.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, आमची इमारत विकली गेली. जुना मालक वारला, त्याच्या मुलांनी ती विकून टाकली, आणि नव्या मालकाला तिथं सहा मजले हवे होते. जूनअखेर दुकान रिकामं करा, असं कळवलं. आता यंत्र काय, उचलून कुठंही नेता येईल. पण त्याची घरघर आणि उडणारी धूळ सोसणारी जागा या भागात उरलीय कुठं? फोटिस महिनाभर दारं ठोठावत फिरला. लोकांनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. त्याला दुसरं काही काम येत नाही. मलाही येत नाही, आणि पन्नाशीनंतर शिकायची मला हौसही नाही.

आईला सांगायचं नाही, असं फोटिसनं ठरवलं. तिचं बीपी, तिचं वय, तिचं काळीज. मी म्हटलं, ज्या बाईनं एक फोटो पाहून होकार दिला आणि महिनाभर बोटीत ओकत परक्या मुलखात येऊन संसार केला, ती एका दुकानापायी मरणार आहे का? पण ग्रीक मुलगा आणि त्याची आई यांच्यामध्ये पडायचं नसतं, एवढी अक्कल मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच आली होती. मी गप्प बसले.

अशात नेव्हिल आला. नेव्हिल म्हणजे निवृत्त शिक्षक. रविवारी दहाबारा लोकांना गोळा करून आमच्या गल्ल्यांतून हिंडवतो, कुठं साबणाचा कारखाना होता, कुठल्या घरात चोरून दारू विकायचे, असलं काय काय सांगतो. मला वाटायचं, रिकामा न्हावी. त्या दिवशी तो आपली रजई न्यायला आला होता आणि आम्ही मागच्या खोलीत होतो. तिथला नळाचा पाइप फुटला होता म्हणून भिंतीला लावलेली लोकरीची मांडणी फोटिसनं ओढून बाजूला केली होती. सासऱ्यांनी ठोकलेली मांडणी, आमच्या हयातीत कधी न हललेली. तिच्यामागे काय आहे हे फोटिसलाही ठाऊक नव्हतं.

मागं भिंतभर लिहिलेलं होतं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंतच, त्याच्या वर एक अक्षर नाही. कारण लिहिणारे खाटेवर पडल्या पडल्या लिहीत होते. माझे सासरे स्तमाटिस तेव्हा या खोलीत नुकत्या बोटीवरून उतरलेल्या माणसांना ठेवून घ्यायचे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच ऊबदार खाटेवर आडवा व्हायचा. पेन्सिलीनं, कोळशानं, खिळ्यानं खरवडून त्यांनी काय काय लिहिलं होतं. नावं, गावं, बोटीचं नाव. बॅटरीच्या कारखान्यातला मुकादम शिव्या देतो पण आपली माणसं घेतो. खिडकीजवळची खाट पावसात भिजते, सरकवून घ्या. आजारी पडलात तर मुकादमाला काय म्हणायचं, ते इंग्रजी वाक्य आपल्या लिपीत. एकानं फक्त मुलीचं नाव लिहिलं होतं, उशापासून पायथ्यापर्यंत, पुन्हा पुन्हा.

नेव्हिल जमिनीवर बसला. मी एकेक ग्रीक ओळ वाचून इंग्रजीत सांगत होते आणि तो चष्मा पुसत होता. शेवटी म्हणाला, "अर्गिरो, ही इमारत आता पाडू देणार नाहीत."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. शहरात अशा खोल्या शेकड्यांनी होत्या, पण अशी भिंत उरलेली त्यानं पाहिली नव्हती. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, जुन्या वास्तू जपणारा विभाग आहे. त्यांची बाई येऊन बघेल, तिला पटलं तर सहा मजले तिथंच थांबतील. त्याच शिफारशीत आमचं कामही धरता येईल, कारण त्या माणसांनंतर या खोलीत लोकरच राहिली आहे. खोलीत एकच मिणमिणता दिवा होता. त्या उजेडात त्यानं आपल्या जुनाट फोनवर काही फोटो काढले. त्या रात्री फोटिसनं कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवण केलं.

नेव्हिल फोटो काढत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भिंतीकडे पाहिलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि वळल्या. मी नंतर विचारलं, "आई, कोण होती ही माणसं?" तर म्हणाल्या, "होती माणसं. जेवायची." मला वाटलं, बिचारीला नवरा आठवला.

बाई यायची ठरली ती नेमकी आमच्या ईस्टरच्या पवित्र आठवड्यात, गुरुवारी. रविवारी जेवताना मी सासूबाईंना एवढंच सांगितलं, की गुरुवारी कौन्सिलची बाई मागची खोली बघायला येणार आहे. का येणार, हे कसं सांगणार? ते सांगायचं तर इमारत विकल्याचं सांगावं लागलं असतं, आणि समोर फोटिस डोळे वटारून बसलेला. त्यांनी काटा खाली ठेवला. "कौन्सिलची? नक्की?" मी म्हटलं, "हो. काळजी करू नका आई, नुसती बघून जाईल." त्या म्हणाल्या, "कळलं," आणि पुन्हा जेवू लागल्या.

बुधवारी आम्ही दोघं वूलाँगाँगला रजया पोचवायला गेलो. परत आलो तो दुपार कलली होती. गल्लीच्या तोंडाशीच चुन्याचा वास आला. या आठवड्यात आमच्या म्हाताऱ्या दिसेल ते चुन्यानं रंगवतात, पायऱ्या, कुंड्या, झाडांची खोडं. त्यामुळे मला काही वाटलं नाही. दुकानात शिरलो, सासूबाई पुढं नव्हत्या. मागं गेलो.

त्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या. शेजारी तारेचा ब्रश, सोड्याच्या पाण्याची बादली आणि चुन्याचं घमेलं. जुन्या वळणाची बाई, अर्धवट काम करणार नाही. आधी भिंत तारेनं घासली होती, मग सोड्यानं धुतली होती, मग चुन्याचे दोन हात दिले होते, त्यात त्यांच्या बेटावर घालतात तशी चिमूटभर नीळ. जमिनीपासून कमरेपर्यंतची सगळी भिंत पांढरीफेक झाली होती. वरचा जुना पोपडा तसाच होता, पण तिथं कोणी कधी काही लिहिलंच नव्हतं.

फोटिसनं तळवा भिंतीला लावला. तळवा पांढरा झाला. त्याच्याकडे तो बघत राहिला.

"आई, हे काय केलंत?" मी विचारलं.

"बसून केलं गं. पाय नाही दुखले," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत वाळेल ना?"

मी अंगणात गेले आणि वाळत घातलेला टॉवेल तोंडात कोंबला. दुसरी कोणी असती तर मी तिला गल्लीत उभी करून बोलले असते. पण चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, हाताची कातडी चुन्यानं सोललेली, आणि चेहरा असा की जणू घरात पहिलं नातवंड झालंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सणाचा उत्साह आहे म्हातारीचा, पाहुणी येणार म्हणून घर लख्ख केलं, अशी मी माझी समजूत घातली. फोटिस म्हणाला, आता तिला सांगून भिंत परत येणार आहे का? नाही सांगितलं.

नेव्हिलला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी घासली का?" मी म्हटलं, घासली. "बरं," तो म्हणाला. त्याच्या फोटोंत दिव्याची तिरीप, भिंतीवरची धूसर रेघोटी आणि त्याचा स्वतःचा अंगठा होता.

गुरुवारी बाई आली. ब्रॉनविन टेट तिचं नाव. तरुण, पायात कॅनव्हासचे बूट, बोलायला गोड. सासूबाई चर्चला जायचा काळा पोशाख घालून, गळ्यात सोन्याचा क्रूस घालून तयार. ट्रेमध्ये नारिंगाच्या सालीचा मुरांबा, पाण्याचा ग्लास, उपासाची तेलातली बिस्किटं. पाहुणीला खायला घातलं आणि मग तिचा हात धरून स्वतःच मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

ब्रॉनविननं भिंत पाहिली. नेव्हिलच्या फोनमधले फोटो पाहिले. पुन्हा भिंत पाहिली. तिला वाईट वाटलं, ते दिसत होतं. ती म्हणाली, चुन्याखाली काही उरलं असेलही, पण तज्ज्ञ बोलवायला आणि पाडकाम थांबवायला तिला काहीतरी आधार हवा. फोटोवर ते व्हायचं नाही. मग तिची नजर सासूबाईंकडे वळली. "या इथं होत्या ना तेव्हा? त्यांनी सांगितलं, इथं कोण राहत होतं, किती जण, कसे, तर मी ते लिहून घेईन. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तेच माणूस सांगतंय म्हटल्यावर वजन येतं."

माझ्या जिवात जीव आला. सासूबाई तर मेलेल्यांच्या आवडीनिवडीही सांगू शकतात.

"आई," मी म्हटलं, "ती विचारतेय, इथं कोण राहायचं?"

"कोणी नाही."

"अहो, ती माणसं. बाबांनी ठेवलेली. त्यांची नावं सांगा ना."

"कुठली माणसं?" पाहुणीकडे बघून हसत हसत त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "तोंड सांभाळ, सूनबाई."

मी फोटिसकडे पाहिलं. तो यंत्रासारखा उभा होता. मी मनात ठरवलं, त्या काहीही म्हणोत, मी इंग्रजीत माणसांचीच गोष्ट सांगणार. नावं मला थोडी आठवत होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईच पुढं झाल्या. त्यांना इंग्रजी बाजारापुरतं येतं, पण तेवढं त्यांना पुरलं. ब्रॉनविनचा हात दोन्ही हातांत घेऊन, एकेक शब्द सुटा करत त्या तिला म्हणाल्या, "माणसं नाही. कधी नाही. फक्त फॅमिली. स्वच्छ."

ब्रॉनविननं माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार होते? सासू खोटं बोलतेय, तिचं ऐकू नका? मी म्हटलं तसं, चाचरत म्हटलं. ती समजूतदारपणे मान हलवत राहिली, आणि मला कळलं की दुकान वाचवायला मी रचून सांगतेय असं तिला वाटतंय. आपण जे पाहिलं आणि ऐकलं तेच लिहू शकतो, असं म्हणून तिनं माफी मागितली. सासूबाईंनी बिस्किटांची पुडी तिच्या पिशवीत कोंबली आणि दारापर्यंत सोडायला गेल्या.

परत आल्या त्या खुर्चीत कोसळल्याच. बूट काढले, क्रूसचं चुंबन घेतलं आणि हसायला लागल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना सासरे गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"तुम्हा दोघांना काय माहीत कौन्सिल म्हणजे काय," त्या म्हणाल्या. मग सगळं ओठांवर आलं. तेव्हा कौन्सिलचा माणूस न सांगता यायचा, खाटा मोजायला. परवानगीपेक्षा जास्त माणसं सापडली की घराला टाळं. म्हणून गल्लीतली पहिली बाई त्याला बघताच कुंपणावर लाल रजई टाकायची. मग आमच्या मागच्या खोलीतली माणसं बूट हातात घेऊन अंगणाच्या भिंतीवरून उड्या टाकायची, आणि फोटिस पोटात असताना सासूबाई एकट्या गाद्या ओढून लोकरीखाली पुरायच्या. "एकदाही सापडलं नाही त्याला काही. भीती वाटायची ती त्या भिंतीची. मी यांना म्हणायची, गाढवांना लिहू देऊ नका, आपण बुडू. मग यांनी मांडणी ठोकली. आणि तुम्ही शहाणे, मांडणी काढता काय, वर तिला बोलावता काय. रविवारपासून मला झोप नाही."

त्यांनी माझा हात ओढून जवळ घेतला. "घाबरली होतीस ना? गेली ती. काही सापडलं नाही तिला. दुकान वाचलं आपलं."

फोटिस खाली वाकला आणि त्यानं त्यांचा सोललेला हात ओठांना लावला. वाकलेला असतानाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

"वाचलं, आई," मी म्हटलं.

ईस्टरची अंडी लाल रंगवायची राहिली होती, म्हणून त्या उठल्या. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. चर्चमधली एक बाई, हातात गाठी झालेली रजई, इथं ईस्टर सरला की थंडी, म्हणून घाईत. कधी मिळेल, म्हणून विचारायला लागली. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी आतूनच तिला सांगितलं, "ईस्टर होऊ दे, मग ये. सावकाश ये गं. आम्ही कुठं जातोय?"

मी रजई घेतली, कात्री शोधली आणि उसवायला बसले.