निळं पिंप

एपिफानियाचा धंदा दुसऱ्याच्या वतीने नाचण्याचा. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात, बाळ येशूच्या मोठ्या देवळासमोर पिवळा झगा घालून ती मेणबत्त्या विकायची. गिऱ्हाइकाने नाव सांगायचं, मागणं सांगायचं. मग मेणबत्ती झुलवत, पाऊल पुढे-मागे टाकत ती ते मागणं बाळ येशूच्या कानी घालायची. कुणाच्या नवऱ्याला जहाजावर नोकरी, कुणाच्या सासूला बुद्धी. "लोकांसाठी बुद्धी मागता मागता माझीच आटली," असं ती म्हणायची. आपल्यासारखं नाचणारी त्या ओळीत दुसरी नाही, हेही तीच म्हणायची.

तिचा धाकटा, पिस्तो, तुरुंगात होता. गर्दची पुडी त्याच्या खिशात सापडली की कुणी घातली, हे ठरवायला न्यायाधीशाला अजून सवड झाली नव्हती. कोठडीत निम्मी माणसं आडवी झाली की निम्म्यांनी उभं राहायचं. पिस्तोला खोकला जडला होता. खोकताना तो भिंतीकडे तोंड करायचा, आईला रुमाल दिसू नये म्हणून.

अंगणापलीकडे एक बराक होती, खिडक्यांची, पंख्यांची. पास्तर एलिसेओच्या मंडळीने ती बांधून दिलेली. मूर्ती-पदकं सोडून त्यांच्या हातून नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच तिथे जागा.

"सक्ती नाही हं, नानाय," पास्तर म्हणाला. पोरासारखाच तोही तिला नानाय, म्हणजे आई, म्हणायचा. "दार सगळ्यांना उघडं आहे."

"मग माझा पोरगा बाहेर कसा?"

"आधी मनाने आत यावं लागतं."

"मन कधीच आलंय त्याचं, पास्तर. फुप्फुसं तेवढी मागे राहिलीत."

पास्तर हसला. माणूस वाईट नव्हता, खोकल्याचं औषध त्यानेच आणून दिलं होतं. तीच तर पंचाईत. वाईट असता तर तिने त्याला जिभेने सोलून काढला असता.

पिस्तो मात्र अडून बसला. गळ्यातलं बाळ येशूचं पदक मुठीत धरून म्हणाला, "याला टाकू?"

"टाकायला कोण सांगतंय? ऐक, दोंग, माझ्या पोरा. मी रोज परक्यांसाठी नाचते ना? त्यांची सासू माझी लागते कोण? पाय हलवायचे, ओठ हलवायचे. आत काय आहे ते बाळाला ठाऊक असतं."

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"नाचता न येणाऱ्यालाच ओळखतात. तू कुणाचा पोर आहेस? मी भेटायला आले की एक डोळा मिचकाव, म्हणजे माझा जीव भांड्यात."

पदक तिनेच काढलं आणि रुमालाच्या गाठीत बांधलं.

अंगणात निळं पिंप पाण्याने भरून ठेवलं होतं. पिस्तो त्यात उतरला. पास्तरने त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं, तेव्हा एपिफानियानेही श्वास धरला. तो वर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. त्याच दिवशी त्याला खिडकीजवळची जागा मिळाली.

बाळ येशूच्या जत्रेच्या दिवशी ती तुरुंगात डुकराची रक्ती घेऊन गेली, माडाच्या आंबट शिरक्यात शिजवलेली, आणि झावळीच्या पातीच्या पुड्यांतला भात. पिस्तोच्या गालांवर रंग आला होता. शेजारी बराकीचा वडीलधारा, ब्रदर नेरियो, हात बांधून उभा होता.

पिस्तोने भांडं हळूच मागे सारलं. "आमच्यात रक्त खात नाहीत, नानाय."

"आमच्यात म्हणजे कुणाच्यात रे? भांडं चाटायचास लहानपणी. नाकाला लागायचं."

"सुटते सवय, नानाय," नेरियो हसत म्हणाला.

"तुमची सुटली असेल. मी माझ्या पोराशी बोलतेय."

तिने पिस्तोच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही उघडे. वाट पाहून शेवटी तिनेच आपला डावा डोळा मिचकावला.

"काही गेलं का डोळ्यात?" तो पुढे वाकला आणि बाहीच्या टोकाने त्याने तिचा डोळा अलगद पुसला. "देवळापुढचं ते नाचणं सोड आता. मी प्रार्थना करतो तुझ्यासाठी. रोज."

इतकं सुरेख म्हणाला. कुठे अडखळला नाही, नजर ढळली नाही. तिने शिकवलं त्याहून चांगलं. खोटं असेल तर विचारताच नेरियो ऐकेल आणि पोरगा पुन्हा त्या कोठडीत जाईल. खरं असेल तर विचारायचं काय उरलं?

"कोण खाईल आता ही?" एवढंच ती म्हणाली आणि भांड्याला फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या मागण्यासाठी मेणबत्ती पेटवली. शेजारच्या ओळीतली क्लेओफे म्हणाली, "आज कुणासाठी गं?"

"पिस्तोसाठी."

"काय मागतेस?"

एपिफानियाने हात वर केला. तो नाटक करत असू दे म्हणावं, तर पोराने तिथे उठता-बसता, झोपेतसुद्धा खोटं जगायचं. खरं असू दे म्हणावं, तर ज्याच्यापुढे नाचायचं त्यालाच सांगायचं, की माझा पोरगा तुला सोडून गेला आणि पाठवणारी मीच.

"नाच की," क्लेओफे म्हणाली. "मेण सांडतंय."

मेण मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तिचं पाऊल काही उचललं नाही.