समोर उभं राहिलं की

बाबा बुडाले तेव्हा मी किनाऱ्यावर त्यांच्या बरोबर समोर उभी होते आणि "इकडे या, इकडे या" म्हणून ओरडत होते. चाळीस वर्षं तलावावर पोहायला शिकवणारा माणूस. तो इकडेच आला. सरळ माझ्या रोखाने, हात मारत, दम संपेपर्यंत. पाणी त्यांना तितकंच मागे नेत होतं.

त्याला अकरा महिने झाले. आज बाळ्या त्याच समुद्रात उतरणार होता.

बाळ्या माझा धाकटा भाऊ, आता बाबांच्या जागी तलावावर तोच शिकवतो. "मीच पाण्याला घाबरून बसलो तर पोरांना कुठल्या तोंडाने शिकवू?" त्याने घरी विचारलं होतं. आईने मान फिरवली होती. मी सोबत आले होते, कारण घरी बसून वाट पाहणं मला जमलं नसतं.

"तिकडे उतरतो," त्याने बोट दाखवलं. "बघ, लाटाच नाहीत."

दोन्हीकडे लाटा फुटत होत्या आणि मधे काळपट, गुळगुळीत पट्टा होता.

"तिथे नको," मचाणावरून जीवरक्षक बाई म्हणाली. "लाटांनी आणलेलं पाणी त्याच वाटेने परत जातं. दोन झेंड्यांच्या मधे पोहा. तरीही ओढले गेलात तर पाण्याशी भांडू नका. पाठीवर पडा, हात वर करा. मग किनाऱ्याच्या कडेकडेने आडवे पोहा आणि लाटा फुटताना दिसतील तिथून आत या."

"बाई, मी पोहायला शिकवतो."

"मग जास्तच नीट ऐका. पोहता येणारेच भांडत बसतात."

"ताई, ही तुझी सख्खी बहीण शोभते," बाळ्या मला म्हणाला आणि झेंड्यांच्या मधे उतरला.

मी त्याचा टॉवेल पिळत उभी राहिले, कोरडाच. तो छान पोहत होता. पण प्रत्येक लाटेबरोबर थोडा बाजूला सरकत होता, आणि ते त्याच्या लक्षात येत नव्हतं. मी ओरडले, तोवर तो झेंडा ओलांडून त्या पट्ट्यात गेला होता. त्याचं डोकं भराभर लहान होऊ लागलं.

शिट्टी वाजली. बाई फळी घेऊन धावली.

तो वळला. त्याने मला पाहिलं आणि माझ्याकडे पोहू लागला. कोपर उंच, मान डावीकडे, थेट बाबांसारखा. आणि जागच्या जागीच.

"इकडे ये" माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंड मिटलं. मी समोर आहे तोवर हा सरळच येणार, हे मला कळलं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून चालू लागले. डावीकडे, जिथे लाटा फुटत होत्या तिकडे, एक हात त्याच दिशेला ताणून. पाय वाळूत रुतत होते. पाचसहा पावलांवर मागे पाहिलं, तर तो अजून हात मारतच होता. पुन्हा पाहिलं तेव्हा त्याचे हात थांबले होते. मला पुढे चालवेना, पण चालत राहिले.

मग पाण्यावर एक हात उभा राहिला. तो पाठीवर पडला होता. काही वेळाने तो कुशीवर वळला आणि मी चालले होते त्या बाजूला, आडवा, सावकाश येऊ लागला. एका लाटेने त्याला उचललं, दुसरीने लोळवलं. कमरेएवढ्या पाण्यात बाईने त्याला फळीवर घेतलं.

वाळूवर तो बराच वेळ खोकत, खारं पाणी ओकत राहिला. मी त्याची पाठ चोळत होते.

"मला वाटलं, तू मला टाकून निघालीस," तो म्हणाला. "काय काय शिव्या दिल्या तुला. त्या देत देतच आलो मागे."

"दे अजून," मी म्हटलं.