सीनियर हाफ

“सीनियर हाफ का?” तिकिटाचं मशीन हातात तोलत कंडक्टरनं विचारलं.

एकनाथनं सुटे पैसे त्याच्या हातावर आपटले. “न्हाय. ज्युनियर फुल्ल.”

मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. कुंभारीहून सोलापूरला रोज जाणाऱ्या एकनाथचा पास कालच, तीस तारखेला संपला होता. आज एकतीस, शाळेतल्या नोकरीचा शेवटचा दिवस. एका दिवसासाठी नवा पास कोण काढणार? अठ्ठावन्नाव्या वर्षी डोकं पांढरं झालं हा काय गुन्हा होता? या नव्या कंडक्टरनं एका नजरेत त्याला सीनियर करून टाकलं. शाळेला ते एकतीस वर्षांत जमलं नव्हतं.

एकतीस वर्षं कनिष्ठ लिपिक. वरिष्ठ लिपिकाची खुर्ची तीन वर्षं रिकामी, काम मात्र यानंच ओढलेलं. प्रस्ताव तीनदा वर गेला, तीनदा ‘त्रुटी’ म्हणून परत आला. आता त्याला एवढंच हवं होतं, की घरी जाताना तरी नावाखाली ‘वरिष्ठ’ लागावं. एका दिवसापुरतं का होईना.

“टपाल आलं?” ऑफिसात पाऊल टाकताच त्यानं विचारलं.

“नाही अजून,” इंग्रजीच्या देवयानी मॅडम म्हणाल्या. त्यांना गप्प बसवेना. “भाऊसाहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. सीनियर हा मुळात लॅटिन शब्द. अर्थ नुसता ‘वयानं थोरला’. हुद्दा मागाहून चिकटला. आपलं हे ‘सर’सुद्धा त्यातूनच आलंय.”

शाळेत काल लागलेल्या पोरालाही सगळे सर म्हणत. एकनाथ कायम भाऊसाहेब.

“मग चिकटवणाऱ्याचा डिंक नेमका माझ्याच टायमाला संपला की!” तो कडाडला. मॅडम वह्या घेऊन वर्गात गेल्या.

चार वाजता शाल-नारळ झाला. पाठोपाठ शिपाई गुरप्पा पाकीट घेऊन धावत आला. पदोन्नतीचा आदेश! एकनाथनं उभ्यानंच वाचला. वरिष्ठ लिपिक. त्याचं पूर्ण नाव, एकही चूक नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग त्याची नजर शेवटच्या ओळीवर गेली: सदर आदेश एक तारखेपासून अंमलात येईल.

त्यानं कागद उलटून पाहिला. मागं कोरा होता.

“उद्या कोन येनार हाय हितं? माझं भूत?”

“परत धाडू का, भाऊसाहेब?” गुरप्पानं हळूच विचारलं. “त्रुटी म्हनून?”

एकनाथ खाली बसला, आवक रजिस्टर ओढलं, आदेशाला नंबर टाकला आणि विषयाच्या रकान्यात आपलंच नाव नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं. मग कागदाची प्रत खिशात घालून, शाल काखोटीला मारून तो स्टँडकडं निघाला.

बसमध्ये सकाळचाच कंडक्टर होता. सकाळचं तो विसरला असावा.

“सीनियर का?”

एकनाथनं खिशावर हात ठेवला.

“उद्यापासून,” तो म्हणाला. “आज फुल्लच द्या.”