छताआडचा उजेड

मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहानशा गावातली जुनी बँक बोलतेय. बँक म्हणजे नुसती इमारत हो. कारभार कधीच हमरस्त्यावरच्या नव्या जागेत निघून गेला.

चौकाच्या कोपऱ्यावर मी उभी आहे. दाराशी दगडी खांब, पितळी कड्यांची जाडजूड दारं, आत संगमरवरी फरशी. पण माझा खरा तोरा डोक्यावर होता. मला बांधणाऱ्यानं छताच्या मधोमध रंगीत काचा बसवल्या होत्या. गव्हाच्या पिवळ्याधमक ओंब्या आणि कडेनं हिरवी पानं. दुपारी त्यांतून फरशीवर सोनेरी ऊन उतरायचं. अंडी-लोणी विकून आलेल्या शेतकरणींसाठी वेगळी बैठक होती, पण तिथे बसायचं सोडून त्या उन्हातच उभ्या राहायच्या. त्यांतल्या एकीची छोटी लेक आर्डिस तर हातमोजे काढून दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरायची.

"पुरे गं, सांडेल!" तिची आई हसायची.

मग काही वर्षांनी लिंडक्विस्ट नावाचे मॅनेजर आले. भला माणूस, पण थंडीनं वैतागलेला. काचांतून ऊब निघून जाते म्हणून त्यांनी खाली पांढऱ्या चौकोनांचं खोटं छत लावून घेतलं.

"एक हिवाळा बघू. लोकांना नाही आवडलं तर काढून टाकू," ते म्हणाले, आणि येईल त्याला विचारू लागले, "कसं वाटतं?"

आता आमच्या गावाची तऱ्हा ऐका. इथे तक्रार म्हणून कुणी करत नाही. कॉफी गार असली तरी "वाईट नाही", लेकीचं लग्न थाटात झालं तरी "वाईट नाही". वर बघून जो तो तेच म्हणाला. आर्डिस तेव्हा नवी नवरी होती. तिचे डोळे भरलेले मी पाहिले, तरी तीही म्हणाली, "वाईट नाही." एकानं जरी नाक मुरडलं असतं! छत तसंच राहिलं.

साठ वर्षं झाली. डोक्यावर ऊन असून पोटात अंधार. त्या उजेडासाठी माझा जीव किती तुटला, कुणाला सांगू?

आता मला पाडून तिथे गाड्या उभ्या करणार आहेत. परवा नगराध्यक्ष डॅरिल शेवटची पाहणी करायला आला. सोबत काठी टेकत त्याची आत्या होती. आर्डिसच ती!

"डॅरिल, ते छत काढ."

"अगं आत्या, सोमवारी सगळंच पडणार आहे. आता कशाला?"

"काढ म्हटलं ना!"

जन्मात पहिल्यांदा ती कुणावर ओरडली असेल. डॅरिल शिडी लावून वर चढला. चार चौकोन निघाले, धूळ कोसळली आणि धुळीमागोमाग ते ऊन खाली आलं. आर्डिसनं हातमोजे काढले. ओंजळ पुढे धरली.

"एवढं होतं वर? आणि कुणी बोललं नाही?" डॅरिलनं शिडीवरूनच विचारलं.

"मला विचारलं होतं रे," ती म्हणाली. "मीच म्हटलं, वाईट नाही."

डॅरिल शिडीवरून उतरला. "इमारतीचा करार झालाय, आत्या. पण काचा ग्रंथालयात नेऊ."

मी जाणार, ते कळलं. जाते. पण काचा भिंतीवर टांगू नका रे. डोक्यावर बसवा, खाली माणसं उभी राहू देत. आणि कुणी विचारलं, कसं वाटतं, तर या खेपेला खरं सांगा.